मोहरीएवढी बशी

हात समोर ताठ धरा, चिमटीत मोहरीचा एक दाणा घ्या आणि त्याच्याकडे पाहा. ट्रॅप नावाच्या खेळात नेमबाज चाप ओढतो, त्या क्षणी त्याचं लक्ष्य त्याला साधारण तेवढंच रुंद दिसत असतं. जाडी तर मोहरीच्याही पाव हिश्शाची. तुमच्या चिमटीतली मोहरी निदान जागच्या जागी आहे. त्याची मोहरी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगानं त्याच्यापासून लांब पळत असते, आणि ती डावीकडे पळणार की उजवीकडे हे पाऊण सेकंदापूर्वी त्यालाही ठाऊक नव्हतं.

प्रत्यक्षात ती मोहरी म्हणजे एक छोटी बशी असते. व्यास ११० मिलिमीटर, उंची जेमतेम २५ मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या कांद्याएवढं. नेमबाज ३५ मीटरवरून तिच्याकडे पाहतो, आणि तेही कडेच्या बाजूनं. म्हणून तिची मोहरी होते.

इंग्रजीत तिला ‘मातीचं कबुतर’ म्हणतात, पण तिच्यात माती नसते आणि कबुतराशी तिचं नातं फक्त इतिहासापुरतं. आजची बशी डांबरासारखा राळवजा पदार्थ आणि चुनखडीची भुकटी एकत्र दाबून बनवतात. तिच्याकडून अपेक्षा मात्र एकमेकींच्या विरुद्ध आहेत. यंत्राच्या हाताचा जबर झटका बसला तरी ती तडकता कामा नये, आणि एक-दोन बारीक छर्रे लागले तर मात्र फुटायलाच हवी.

कबुतर, भाकऱ्या आणि ‘पुल’

या खेळाची सुरुवात खऱ्या कबुतरांपासून झाली. एकोणिसाव्या शतकात कबुतर पेटीत ठेवत. नेमबाज ‘पुल’ म्हणून ओरडला की मागचा माणूस दोरी ओढी, पेटी उघडे, पक्षी उडे आणि बार निघे. (आपल्याकडे ‘पुल’ म्हटलं की लोक हसण्याच्या तयारीत बसतात, तिकडे श्वास रोखतात.) १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी अशी जिवंत कबुतरांची स्पर्धा खरोखरच झाली. बेल्जियमच्या लेऑन द लुंदननं २१ पक्षी पाडले, फ्रान्सच्या मॉरिस फोरनं २०. सगळ्या स्पर्धेत मिळून सुमारे ३०० कबुतरं मेली. पहिला आणि दुसरा यांच्यात फरक होता एका कबुतराचा. हा ‘एक’ लक्षात ठेवा, तो शेवटपर्यंत आपली पाठ सोडणार नाही.

त्याआधीच, १८८० मध्ये, अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या जॉर्ज लिगॉव्स्कीनं मातीच्या उडत्या बशीचं पेटंट घेतलं होतं. तळ्याकाठी मुलं पाण्यावर भाकऱ्या काढत होती, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, भौतिकशास्त्र तेच आहे. चपटी वस्तू गरगर फिरवत भिरकावली की ती डुगडुगत नाही, हवा कापत जाते. त्याच्या पहिल्या बश्या भट्टीत इतक्या कडक भाजलेल्या असत, की छर्रा लागला तरी घंटेसारखा नाद करून पुढं निघून जात. डांबर आणि चुनखडीचं मिश्रण आलं तेव्हा कुठं हा खेळ मार्गी लागला.

पेटी, दोरी आणि कबुतर तिन्ही गेली, पण ‘पुल’ हा पुकारा आणि ‘ट्रॅप’ हे नाव राहिलं. आज दोरीऐवजी मायक्रोफोन असतो. नेमबाजाचा आवाज त्यात शिरताच यंत्र सुटतं.

२४ ग्रॅममध्ये किती छर्रे?

बारा बोअरची बंदूक हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांतही माहीत असतो. त्यातल्या ‘बारा’चा अर्थ असा : एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल, ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटर भरतो. ऑलिंपिकचे नेमबाज हीच बंदूक वापरतात, पण काडतुसात २४ ग्रॅमहून जास्त शिसं भरायला नियमानं मनाई आहे.

हे २४ ग्रॅम कसे वाटून घ्यायचे, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. छर्रा २.४ मिलिमीटरचा घेतला तर काडतुसात सुमारे ३०० छर्रे मावतात. तो २ मिलिमीटरचा घेतला तर सुमारे ५२०. व्यास फक्त ०.४ मिलिमीटरनं घटला आणि छर्रे दोनशेहून अधिक वाढले. लांबच्या बशीसाठी मोठे छर्रे लागतात, कारण त्यांचा जोर टिकतो. जवळच्या बशीसाठी बारीक छर्रे, कारण त्यांचं जाळं दाट विणलं जातं.

पण हे ‘जाळं’ किती दाट? छर्रे कमीत कमी पसरू देणारी आवळलेली नळी घेतली, तरी साडेछत्तीस मीटरवर साधारण ७० टक्के छर्रे ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पडतात. म्हणजे ३०० पैकी २१०. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस सेंटिमीटरहून जास्त आहे, म्हणून प्रत्येक छर्ऱ्याच्या वाट्याला जवळपास २२ चौरस सेंटिमीटर जागा येते. कडेनं दिसणाऱ्या बशीचं क्षेत्रफळ जेमतेम २७. सरासरीनं हिशेब केला, तर नेम अचूक असूनही बशीला लागणारा छर्रा सव्वा! मधोमध दाटी जास्त असते आणि चढत्या बशीचा थोडा तळही दिसतो, म्हणून खेळ चालतो. तरीही टीव्हीवर धुरळा उडवत फुटणाऱ्या बशीमागं अनेकदा दोन-चार छर्ऱ्यांचंच काम असतं. शॉटगन म्हणजे ‘साधारण तिकडे उडवली की लागते’ असा समज असेल, तर तो या सव्वा छर्ऱ्यापाशी सोडून द्यावा.

ट्रॅप : दिशा लपवलेली

आता वेगवेगळ्या खेळांकडे वळू. बशी तीच, बंदूक तीच, पण प्रत्येक खेळात नेमबाजापासून एखादी गोष्ट लपवलेली असते. कुठली गोष्ट लपवली, यावरून खेळ बदलतो.

ऑलिंपिक ट्रॅपमध्ये दिशा लपवतात. समोर १५ मीटरवर एक खंदक असतो आणि त्यात १५ यंत्रं. नेमबाजाच्या पाच जागा असतात आणि प्रत्येक जागेसमोर तीन यंत्रं : एक डावीकडे फेकणारं, एक उजवीकडे, एक सरळ. ‘पुल’ म्हटल्यावर तिघांपैकी कुठलं सुटणार हे कळत नाही. २५ बश्यांच्या एका फेरीत प्रत्येकाला १० डाव्या, १० उजव्या आणि ५ सरळ मिळतात, म्हणजे एकूण न्याय सगळ्यांना सारखा. क्रम मात्र कुणालाच माहीत नसतो.

बशी दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत वळून ७६ मीटरवर जाऊन पडते. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत ती जिथं पडू शकते त्या कमानीची लांबी १२० मीटरच्या घरात जाते. एवढ्या रुंदीतला एक बिंदू ओळखायला वेळ किती? माणसाच्या डोळ्यानं हालचाल टिपून हाताला निरोप पोचवायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो, आणि तेवढ्यात बशी पाच-साडेपाच मीटर पुढं गेलेली असते. पहिला बार सुटतो तो पाऊण सेकंदाच्याही आत. तो चुकला तर दुसरा झाडायला परवानगी असते, पण तोवर बशी आणखी लांब आणि आणखी बारीक झालेली असते.

यातून निघणारा एक हिशेब मला विशेष आवडतो. पात्रता फेरीत १२५ बश्या असतात आणि ती दोन दिवस चालते. प्रत्येक बशीला ०.६५ सेकंद धरले, तर १२५ बश्यांचे होतात ८१ सेकंद. दोन दिवसांची स्पर्धा, त्यात प्रत्यक्ष खेळ दीड मिनिटाहून कमी. उरलेला सगळा वेळ नेमबाज उभा असतो, पुढच्या जागेकडे सरकतो, बंदूक उघडून दोन काडतुसं भरतो, आणि मागच्या बशीचा विचार मनातून काढून टाकण्याचा प्रयत्न करतो.

स्कीट : वेळ लपवलेली

स्कीटमध्ये दिशा लपवलेली नसते. मैदानाच्या दोन टोकांना दोन खोल्या असतात. उंच खोलीतून बशी ३.०५ मीटरवरून निघते, बुटक्या खोलीतून मीटरभर उंचीवरून, आणि दरवेळी त्याच वाटेनं जाते. नेमबाज आठ जागांवर फिरतो. त्यातल्या सात जागा एका कमानीवर आहेत आणि बश्यांच्या वाटा जिथं एकमेकींना छेदतात तिथून बरोबर १९.२० मीटरवर. हे अंतर २१ यार्ड भरतं, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून फक्त एक यार्ड कमी.

मग अवघड काय? ऑलिंपिकच्या नियमानं ‘पुल’ म्हटल्यावर बशी लगेच येईल, किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही येईल. तोवर बंदुकीचा दस्ता कमरेपाशी टेकलेला हवा. बशी दिसली की तो खांद्याला लावायचा, फिरवायचा आणि बार काढायचा. आणि बार बशीवर काढायचाच नाही. छर्रे १९ मीटर जायला सेकंदाचा विसावा भाग घेतात. आडवी जाणारी बशी तेवढ्यात सव्वा मीटरच्या आसपास पुढं सरकते, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या अकरा-बारापट. कमानीच्या मध्यावरचा नेमबाज त्यामुळं रिकाम्या हवेवर नेम धरतो आणि बशी तिथं येऊन फुटते.

काही जागांवर दोन्ही खोल्यांतून एकदम दोन बश्या सुटतात. आठवी जागा मैदानाच्या मधोमध आहे, बश्यांच्या छेदबिंदूपासून साडेपाच मीटरवर. तिथं बशी जवळपास अंगावर येते.

हा खेळ १९२० च्या सुमाराला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिसनं शिकारीच्या सरावासाठी काढला. तेव्हा पूर्ण वर्तुळ होतं आणि नेमबाज घड्याळाच्या काट्यासारखे त्यावरून फिरत. पुढं शेजारच्या जमिनीवर कोंबड्या आल्या, म्हणून वर्तुळ अर्धं कापलं गेलं. जगभरात आज दिसणारी ती अर्धी कमान ही कोंबड्यांची कृपा आहे.

अमेरिकन ट्रॅप : फारसं काही लपवलेलं नाही

अमेरिकेत खेळला जाणारा ट्रॅप पाहिला, तर तो आधी सोपा वाटेल. यंत्र एकच. कोन दोन्ही बाजूंना १७ अंश. बशी साधारण ५० यार्डांवर, म्हणजे ४६ मीटरवर पडते. ऑलिंपिक ट्रॅपमधली १२० मीटरची कमान इथं २७ मीटरवर येते. वेग ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास. पण बार एकच. दुसरी संधी नाही.

बशी सोपी असली की खेळ सोपा होतो, हा समज मात्र चुकीचा आहे. इथं २०० पैकी २०० हा आकडा अनेकांच्या नावावर असतो, आणि मग बरोबरी सोडवण्यासाठी पुन्हा बश्या, पुन्हा बश्या. ऑलिंपिक ट्रॅप डोळ्यांची परीक्षा घेतो, अमेरिकन ट्रॅप चित्ताची. जो आधी कंटाळला तो हरला. चांगल्या नेमबाजांना मागं नेण्याचीही सोय आहे. १६ यार्डांवरून सुरुवात होते आणि २७ यार्डांपर्यंत माघारी सरकवलं जातं.

हा खेळ तिथं किती पसरला आहे याचा अंदाज इलिनॉय राज्यातल्या स्पार्टा गावी येतो. ‘ग्रँड अमेरिकन’ स्पर्धा तिथं भरते. एका ओळीत १२० मैदानं, आणि ती ओळ साडेतीन मैल लांब. मुंबईकरांना सांगायचं तर दादरला उभं राहून बश्या उडवायला सुरुवात केली, तर रांग वांद्रे ओलांडून खारच्या अलीकडे संपेल.

स्पोर्टिंग : सगळंच लपवलेलं

चौथा प्रकार स्पोर्टिंग क्ले. त्याला गोल्फची उपमा देतात, कारण इथं मैदान ठरावीक नसतं. झाडीतून, टेकडीवरून, तळ्याकाठून वाट जाते. प्रत्येक थांब्यावर बशी वेगळी, कोन वेगळा, वेग वेगळा. नेहमीच्या बशीखेरीज ९० मिलिमीटरची ‘मिडी’ असते, ६० मिलिमीटरची ‘मिनी’ असते, पातळ तबकडीसारखी ‘बातू’ असते. ‘रॅबिट’ तर उडतच नाही. कडेवर उभी राहून ती सशासारखी जमिनीवरून उड्या मारत जाते. ‘मिनी’ पाणीपुरीच्या पुरीहून जराशी मोठी. मोठ्या बशीच्या तुलनेत तिचं क्षेत्रफळ तीस टक्के. ती जवळून जात असली तरी डोळ्याला लांब आहे असं वाटतं, आणि नेमबाज गरजेपेक्षा पुढं नेम धरून चुकतो. इथले गुण एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेऊन ताडून पाहता येत नाहीत. म्हणून जागतिक विक्रमांची भाषा ट्रॅप-स्कीटमध्येच शोभते.

पाचवा प्रकार, डबल ट्रॅप, आता ऑलिंपिकमधून गेला. १९९६ ते २०१६ एवढंच त्याचं आयुष्य. तिथं दोन बश्या एकदम सुटत, आणि जेमतेम सेकंदभरात दोन्ही फोडायच्या. १७ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंग राठोड यांनी याच प्रकारात २०० पैकी १७९ बश्या फोडून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक रौप्यपदक आणलं. सुवर्ण जिंकणारे अहमद अल मक्तूम १८९ वर होते. कांस्य जिंकणारा चीनचा वांग झेंग १७८ वर.

शंभरातले नव्याण्णव का पुरत नाहीत

समजा एखादा नेमबाज शंभरातल्या ९९ बश्या फोडतो. शाळेत हा मुलगा पहिला आला असता. पण १२५ पैकी १२५ फोडण्याची त्याची शक्यता किती? केवळ २८ टक्के. शंभरातल्या ९५ फोडणाऱ्याला तीच कामगिरी साधायची झाली, तर साधारण सहाशे प्रयत्नांत एकदा जमेल.

ही पार्श्वभूमी ठेवून चीनच्या झांग शानकडे पाहा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीटला स्त्री-पुरुष एकत्र खेळत. तिनं अंतिम फेरीआधीच्या २०० पैकी २०० बश्या फोडल्या, मग २५ पैकी २३, आणि पुरुषांना मागं टाकून सुवर्ण जिंकलं. पुढच्या, १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी होता. स्त्रियांचा वेगळा स्कीट २००० साली आला. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्लोव्हाकियाच्या झुझाना रेहाक-श्तेफेचेकोव्हानं ट्रॅपच्या पात्रता फेरीत १२५ पैकी १२५ फोडल्या, तरी अंतिम फेरीत सुवर्ण आलं ते ४३ विरुद्ध ४२ असं, एका बशीनं. तिथंच पुरुषांत दोन चेक नेमबाज ४३-४३ वर अडले. ज्यादा डावात एक ७ वर थांबला, दुसरा ६ वर.

शिसं, जमीन आणि महाराष्ट्र

आता जमिनीवर येऊ. १२५ बश्यांचं वजन १३ किलो. प्रत्येक बशीवर दोन्ही बार झाडले तर २५० काडतुसं आणि ६ किलो शिसं. एखाद्यानं रोज २०० बार, वर्षाला २५० दिवस असा सराव केला असं धरू. ५०,००० काडतुसं, १,२०० किलो शिसं, दीड कोटी छर्रे. एका माणसानं वर्षभरात एका मोटारीच्या वजनाएवढं शिसं हवेत उडवलं. ते जातं जमिनीवर, आणि म्हणूनच युरोपात २०२३ पासून पाणथळ जागांमध्ये शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहे.

याच्या शेजारी दहा मीटर एअर रायफल ठेवा. तिच्या एका छर्ऱ्याचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पात्रता फेरीच्या ६० गोळ्यांचं मिळून सुमारे ३२ ग्रॅम. ट्रॅपच्या एका काडतुसात २४ ग्रॅम असतं. एअर रायफलच्या अख्ख्या सामन्याचं शिसं ट्रॅपवाला दुसऱ्या बारालाच ओलांडतो. एअर रायफलला एक हॉल पुरतो. ट्रॅपचे छर्रे दोनशे मीटरपर्यंत जातात, म्हणून समोर निदान पावणेतीनशे-तीनशे मीटर निर्मनुष्य जागा राखावी लागते.

अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसळे. महाराष्ट्राची ही नावं रायफल आणि पिस्तुलाची आहेत. भारताच्या शॉटगनचा इतिहास मात्र बिकानेरच्या महाराजा करणीसिंगांपासून सुरू होतो. ते पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य त्यांनी मिळवलं. जिथं जमीन आणि काडतूस या दोन्हींची उणीव नव्हती तिथं हा खेळ आधी रुजला, हे वरच्या हिशेबानंतर वेगळं समजावून सांगायला नको.

आणि तरी शेवटी सगळं येऊन ठेपतं एका बशीवर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र स्कीटच्या कांस्यपदकाच्या लढतीत महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरूका यांनी ४८ पैकी ४३ बश्या फोडल्या. चीनच्या जोडीनं ४४. त्याच दिवशी इटलीनं अमेरिकेला हरवून सुवर्ण घेतलं, तेही ४५ विरुद्ध ४४. वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर कधी कोपऱ्यात ‘१२५ पैकी १२१’ असा आकडा दिसला आणि खाली ‘अंतिम फेरी हुकली’ असं छापलेलं असलं, तर त्या १२१ कडे आधी पाहा. मोहरीएवढं लक्ष्य त्या माणसानं १२१ वेळा टिपलेलं असतं.